उतारवयांतील सकाळचा ताठा

मराठींत ‘ताठा’ हा शब्द दोन अर्थांनीं वापरतात. एक ताठा अंगाचा आणि दुसरा स्वभावाचा. पस्तीस वर्षें शाळेंत मुलांना शब्दांचे अर्थ सांगण्यांत घालविल्यावर एवढ्या सोप्या शब्दाच्या बाबतींत तरी आमची फसगत होऊं नये, अशी वाचकांची अपेक्षा असल्यास ती गैर नाहीं. पण फसगत झाली. आणि तीही आमच्या सख्ख्या ज्येष्ठ भगिनीच्या दुखण्यांत झाली. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या वाट्यास असें दुखणें आणि अशीच गैरसमजूत येण्याचा संभव असल्यामुळें, घरची गोष्ट असूनही ती येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या अक्का धुळ्यास असतात. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडें असें भरलें घर. २०२२ सालच्या डिसेंबरांत त्यांना चौऱ्याहत्तरावें वर्ष चालू होतें. खानदेशचा उन्हाळा सर्वांस ठाऊक आहे, पण येथील मार्गशीर्ष-पौषांतली पहाटही कांहीं कमी बोचरी नसते. म्हणून अक्कांचे खांदे धरले तेव्हां ‘थंडी बाधली’ एवढेंच सर्वांस वाटलें. परंतु दहा-बारा दिवसांच्या आंत प्रकार असा झाला, कीं पहाटे अंथरुणांत कूस बदलावयास त्यांना दुसऱ्याचा हात लागूं लागला. पाटावरून उठतां येईना, अंबाडा घालण्यासाठीं हात डोक्यामागें जाईनात, आणि देवघराच्या फळीवरचें निरांजन धाकटी सून काढून देऊं लागली.

चमत्कार असा, कीं दुपारचे बारा वाजतां वाजतां हा ताठा सैल पडे आणि तिसऱ्या प्रहरीं अक्का चारचौघींसारख्या हिंडूं-फिरूं लागत. झालें! ‘सकाळीं कामाच्या वेळीं दुखतें आणि दुपारीं गप्पांच्या वेळीं बरें असतें’ अशी कुजबूज घरांत सुरू झाली. कोणी दुष्टपणानें बोलत होतें असें नव्हे. डोळ्यांना जें दिसे त्याचा दुसरा अर्थ कोणास लागत नव्हता. भांडीं घासावयास येणारी बाई मात्र कळवळून आपल्या अहिराणींत रोज विचारी, “माय, आज बी हात वर जास नही का?”

आम्ही जळगांवाहून एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्यानें भेटीस गेलों, ते नेमके तिसऱ्या प्रहरीं पोहोंचलों. अक्कांनीं स्वतः चहा आणून दिला. मग आम्हीं मोठ्या शहाणपणानें सांगितलें, “अक्का, आतां वय झालें तुझें. हा वातच आहे. तेल चोळून घेत जा, आणि जरा मन घट्ट कर.” अक्कांनीं क्षणभर आमच्याकडे पाहिलें आणि त्या एवढेंच म्हणाल्या, “अरे, वय काय दहा दिवसांत होतें होय?”

या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. तें वैद्यकशास्त्रापाशीं होतें. पण त्याच्या दारापर्यंत जावयास आम्हां सर्वांस आणखी दीड महिना लागला.

पुड्यांचा गुण

त्या दीड महिन्यांत एका शेजाऱ्यानें कोठूनशा ‘वाताच्या’ पुड्या आणून दिल्या. पुडीवर नांव नाहीं, आंत काय आहे तें लिहिलेलें नाहीं. पण तिसऱ्या दिवशीं अक्का पहाटे आपण होऊन उठून बसल्या, आणि घरांत आनंदीआनंद झाला. दोन आठवड्यांनीं पुड्या संपल्या, आणि पुढच्या आठवड्यांत दुखणें पहिल्याहून अधिक जोरानें परतलें. तेव्हां कोठें थोरल्या भाच्यानें त्यांना धुळ्यांतीलच एका अनुभवी डॉक्टरांकडे नेलें.

डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो ‘किती दुखतें’ हा नव्हे, तर ‘केव्हां दुखतें’ हा. उठल्यापासून अंग मोकळें होण्यास किती वेळ लागतो, दोन्ही बाजू सारख्या धरतात काय, दुखणें वर्षांनुवर्षें वाढत आलें कीं थोड्या दिवसांत आलें, हें त्यांनीं बारकाईनें ऐकून घेतलें. मग अक्कांचे दंड खालीं दाबून ‘वर उचला’ म्हणून सांगितलें. दुखत होतें, पण जोर शाबूत होता. पुड्यांची हकीकत ऐकून ते म्हणाले, कीं तीन दिवसांत असा उतार पाडणाऱ्या निनांवी पुडींत बहुधा स्टेरॉइड मिसळलेलें असतें. त्यांनीं रक्त तपासावयास पाठविलें. त्यांतील एका तपासणीचा आंकडा ८२ आला आणि त्यांची शंका दृढ झाली. तिचा अर्थ पुढें सांगतों.

नांव आणि रूप

या रोगास ‘पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका’ असें नांव आहे. नांव ऐकून घाबरण्याचें कारण नाहीं. ग्रीक ‘पॉलि’ म्हणजे बहुत. आपला संस्कृतांतील ‘पुरु’ हा त्याचाच भाऊबंद. ‘मिस्’ म्हणजे स्नायु, आणि ग्रीकांत त्याचाच दुसरा अर्थ उंदीर. आपल्या ‘मूषका’शीं त्याचें नातें उघड आहे. दंडाचा स्नायु कातडीखालीं उंदरासारखा हलतो, यावरून हें नांव पडलें. ‘आल्गोस्’ म्हणजे वेदना. एकूण अर्थ ‘बहुत स्नायूंची वेदना’ इतकाच.

परंतु नांवानें थोडी दिशाभूलही होते. वेदना स्नायूंत जाणवते, पण दाह स्नायूंत नसतो. खांद्याच्या आणि खुब्याच्या सांध्यांभोंवतीं हाड आणि स्नायु यांमध्यें घर्षण होऊं नये म्हणून लहान लहान गादीसारख्या पिशव्या असतात. त्यांना, आणि सांध्यांच्या आंतल्या अस्तराला, सूज येते. म्हणून हात वर करणें आणि बसलेलें उठणें हीं दोन कामें प्रथम अडतात. पहाटेचीच वेळ कां, यालाही कारण आहे. दाह वाढविणारें ‘इंटरल्यूकिन-६’ नांवाचें द्रव्य रक्तांत रात्रीच्या उत्तरार्धांत वाढतें, आणि शरीराचें स्वतःचें दाहशामक द्रव्य, कॉर्टिसोल, तें रात्रीच्या पूर्वभागीं सर्वांत कमी असतें. दिवस वर येतो तसा हा तोल सुधारतो. अक्कांचें दुपारीं बरें असणें हें सोंग नव्हतें. तें या रोगाचें लक्षणच होतें.

रोग पन्नाशीच्या आंत जवळजवळ होत नाहीं. सत्तरीनंतर अधिक होतो. आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत दुप्पट-तिप्पट आढळतो. सकाळचा ताठा पाऊण तासाहून अधिक टिकतो. त्याबरोबर अन्नावरची वासना जाणें, वजन घटणें, बारीक ताप, आणि एक प्रकारची उदासीनता हींही येतात. घरचीं माणसें यालाच ‘म्हातारपणाची किरकिर’ म्हणून मोकळीं होतात.

सन १८८८ मध्यें स्कॉटलंडांतील स्ट्रॅथपेफर या गंधकाच्या झऱ्यांच्या गांवीं विल्यम ब्रूस या डॉक्टरनें अशा पांच वृद्धांचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. आजचें नांव १९५७ सालीं बार्बर यानें दिलें. उत्तर युरोपांतील लोकांत हा रोग सर्वांत अधिक आढळतो. आपल्याकडे तो त्या मानानें विरळ, पण अपरिचित नव्हे.

प्रत्येक वेदना म्हणजे हा रोग नव्हे

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. हा लेख वाचून प्रत्येक घरांतील आजोबांच्या गुडघ्यास हें लांब नांव चिकटविलें जाईल, तर आमचा हेतु विफल झाला असें होईल. पुणें जिल्ह्यांतील भिगवण या गांवीं १९९६ सालीं डॉ. अरविंद चोप्रा यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह घरोघर जाऊन पाहणी केली. ४०९२ प्रौढांपैकीं ७४६ जणांना, म्हणजे शेंकडा अठराहून थोड्या अधिकांना, हाडें, सांधे किंवा स्नायु यांची वेदना होती. त्यांत सांध्यांची झीज, स्नायूंचा व बंधांचा ताण, आणि कोणतेंही निश्चित नांव देतां न येणारी दुखणीं हींच फार. खऱ्या दाहाचा संधिवात दोनशें माणसांत सुमारें एकास होता. आपले आजोबा-आजी बहुधा पहिल्या वर्गांतच असतील.

शिवाय या रोगासारखीं दिसणारीं सोंगें पुष्कळ. उघड्या उन्हाच्या खानदेशांतसुद्धां घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धांत ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव सांपडते, आणि तिनें हाडें व मांड्या दुखतात. थायरॉइड मंदावला तरी अंग जड होतें. कोलेस्टेरॉल उतरविण्याच्या गोळ्यांनीं कोणाचे स्नायु दुखतात. मधुमेह्याचा खांदा आखडतो, पण तो बहुधा एकच असतो. २००६ सालीं महाराष्ट्रांत पसरलेल्या चिकुनगुन्यानंतर कित्येकांचे सांधे महिनेच्या महिने धरलेले होते. खुर्चींतून उठतां न येण्याचें कारण वेदना नसून खरी शक्तिहीनता असेल, तर तो स्नायूंचाच निराळा दाह असूं शकतो. क्वचित् अस्थिमज्जेचा कर्करोग किंवा क्षय यांचीही सुरुवात अशी होते. म्हणून चांगला डॉक्टर हीं सर्व दारें ठोठावून पाहतो; तो उगाच तपासण्या वाढवितो असें समजूं नये.

त्या तपासण्यांत मुख्य दोन. एक ‘ई. एस. आर.’. उभ्या नळींत रक्त ठेवून तांबडे कण तासाभरांत किती मिलिमीटर खालीं बसतात हें त्यांत पाहतात. शरीरांत दाह असला म्हणजे कण एकमेकांस चिकटून भराभर खालीं बसतात. अक्कांचा आंकडा ८२, म्हणजे त्यांच्या वयाच्या मानानेंही फारच अधिक. दुसरी ‘सी. आर. पी.’ या प्रथिनाची. या दोन्ही ‘दाह आहे’ इतकेंच सांगतात. ‘कोणता’ हें वैद्यानें आपल्या बुद्धीनें ठरवावयाचें असतें.

आम्ही थोडें संस्कृत शिकलेलों असल्यामुळें एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. माधवकरानें आपल्या ‘माधवनिदाना’त आमवातास स्वतंत्र अध्याय देऊन तो इतर वातरोगांपासून निराळा काढला. म्हणजे, ‘वात’ हें एकच नांव सर्व दुखण्यांना पुरणारें नाहीं, हें आपल्या प्राचीनांसही कळत होतें. त्यांचे वारस म्हणविणारे आम्ही मात्र अक्कांस ‘हा वातच’ असें सांगून मोकळे झालों!

औषधाची दुधारी

या रोगावर नेहमींच्या वेदनाशामक गोळ्या फारशा उपयोगी पडत नाहींत, आणि वृद्धांच्या जठरास व मूत्रपिंडांस त्या अपायही करतात. खरें औषध स्टेरॉइड, बहुधा प्रेड्निसोलोन. १९४८ सालच्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच यानें कॉर्टिसोन हें याच जातीचें औषध संधिवातानें जखडलेल्या एका तरुण स्त्रीस प्रथम दिलें, आणि थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. १९५० सालीं हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालें तें याच शोधाबद्दल. या रोगांत दिवसास साडेबारा ते पंचवीस मिलिग्रॅमच्या आंतच काम भागतें. अक्कांना पंधरा दिले. चौथ्या दिवशीं पहाटे त्यांनीं आपला अंबाडा आपण घातला, आणि धाकट्या सुनेनें तें दारांतून पाहून डोळ्यांस पदर लावला.

पण गोष्ट येथें संपली नाहीं. दोन महिन्यांनीं एका लग्नांत कोणीसें म्हणालें, “स्टेरॉइड घेतां? हाडें पोखरून काढील तें!” अक्कांनीं घरीं येऊन गोळ्या कोणास न विचारतां बंद केल्या. पांचव्या दिवशीं ताठा परत आला, आणि त्याबरोबर मळमळ, घेरी आणि कमालीचा थकवा. कारण असें, कीं मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी आपलें कॉर्टिसोल स्वतः तयार करीत असतात. बाहेरून औषध येऊं लागलें म्हणजे त्या झोंपीं जातात. औषध एकाएकीं थांबलें तर त्यांना जागें होण्यास अवधि मिळत नाहीं, आणि प्रसंगीं जिवावर बेततें. म्हणून हें औषध आपण होऊन सुरूही करूं नये आणि आपण होऊन बंदही करूं नये. डॉक्टर महिना-दोन महिन्यांत मात्रा दहा मिलिग्रॅमपर्यंत आणतात, आणि पुढें साधारणतः महिन्यास एकेक मिलिग्रॅम उतरवितात. निदान एक वर्ष, पुष्कळदां दोन वर्षें, हा क्रम चालतो. मध्यें रोग उसळी मारतो. तेव्हां थोडें मागें जाऊन पुन्हां उतरावें लागतें.

लग्नांतील त्या गृहस्थांचें बोलणें सर्वस्वीं खोटें होतें असेंही नाहीं. या औषधानें साखर व रक्तदाब वाढतात, हाडें ठिसूळ होतात, मोतीबिंदू व कांचबिंदू यांस वाव मिळतो, आणि जंतूंशीं झुंजण्याची शक्ति कमी होते. पण धोका ओळखून वापरलेलें औषध आणि अंधारांत गिळलेली पुडी यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. डॉक्टरांच्या हातीं मात्रा मोजलेली असते. साखर, रक्तदाब आणि डोळे वेळोवेळीं तपासले जातात. हाडांसाठीं कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व दिलें जातें. पुडींत तेंच औषध असलें तरी किती आहे हें देणाराही जाणत नाहीं. चेहरा गोल फुगलेला, साखर वाढलेली आणि पुडी सोडतां न येणारी अशीं माणसें खेड्यापाड्यांतून पाहावयास मिळतात. ज्या घरांत ‘स्टेरॉइड’ या शब्दाची भीति आहे त्याच घरांत निनांवी पुडीवर विश्वास असावा, हा केवढा विरोधाभास!

ज्यांची मात्रा उतरत नाहीं त्यांना कधीं मेथोट्रेक्सेट देतात. ही गोळी आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेततें, हें घरांतील प्रत्येकानें लक्षांत ठेवावें. इंटरल्यूकिन-६ चा मार्ग अडविणाऱ्या सॅरिल्युमॅब या इंजेक्शनास अमेरिकेंत २०२३ सालीं या रोगासाठीं मान्यता मिळाली. परंतु तें महाग आहे, आणि बहुतेकांस त्याची गरजही पडत नाहीं.

डोळ्याचा धोका

आतां जें सांगावयाचें तें सर्वांत महत्त्वाचें. या रोगाच्या शंभर माणसांत सुमारें दहा ते वीस जणांना कानशिलाच्या आणि डोळ्यास रक्त पुरविणाऱ्या धमन्यांचा दाह होतो. त्याचीं लक्षणें घरच्या माणसांनीं पाठच करावीं: पूर्वीं कधीं नव्हती अशी डोकेदुखी, विशेषतः कानशिलांत, केंस विंचरतांना डोक्याची कातडी दुखणें, भाकरी चावतांना जबडा भरून येणें, आणि थांबलें म्हणजे बरें वाटणें, एक वस्तु दोन दिसणें, किंवा क्षणभर डोळ्यापुढें पडदा येणें. यांतील कांहींही झालें तर ‘उद्यां पाहूं’ म्हणूं नये. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. कारण गेलेली दृष्टि बहुधा परत येत नाहीं, आणि वेळेवर मोठ्या मात्रेंत दिलेलें स्टेरॉइड ती वांचवूं शकतें. धुळ्यास भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि जळगांवींही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालूं आहे. तेव्हां खानदेशांत तरी ‘जावें कोठें’ ही सबब उरलेली नाहीं. अक्कांवर हा प्रसंग आला नाहीं, पण डोकें, जबडा आणि दृष्टि यांविषयींचे तीन प्रश्न त्यांची दहा वर्षांची नात रोज झोंपतांना त्यांना विचारीत असे.

घरानें काय करावें

औषधाचें काम डॉक्टरांचें. पण उरलेलें काम घराचें आहे, आणि तें थोडें नाहीं. पाटाऐवजीं उंच खुर्ची द्यावी. शौचालयांत धरावयास दांडा बसवावा. नित्याचीं भांडीं आणि देवाचीं उपकरणें कमरेच्या उंचीवर आणून ठेवावीं. सकाळच्या कामाचा वांटा त्यांच्यावरून काढून तिसऱ्या प्रहरीं द्यावा. पण सर्वच कामें काढून घेऊं नयेत, कारण निरुपयोगी झाल्याची जाणीव वेदनेहून अधिक बोचते. ऊन पाण्यानें स्नान, अंग सैल झाल्यावर थोडें चालणें, हात हळूहळू वर नेण्याचा व्यायाम, यांनीं लाभ होतो. आहारांत मीठ कमी. दूध, दहीं, तीळ, नाचणी यांस स्थान असावें. तेल चोळण्यास हरकत नाहीं, त्यानें बरें वाटतें. मात्र तेलानें हा दाह जात नाहीं.

अक्कांचें औषध सुमारें वीस महिने चाललें आणि २०२४ सालच्या पावसाळ्याअखेर पूर्ण थांबलें. अधूनमधून रक्त तपासावें लागतें, एवढेंच. गेल्या दिवाळींत आम्ही गेलों तेव्हां त्या पहाटे अभ्यंगाची तयारी करीत होत्या. हा लेख लिहिण्याची परवानगी मागितली असतां त्या हंसून म्हणाल्या, “लिही, पण दुपारीं मी बरी असायची, तें अगोदर लिही. माझें कोणाला खरें वाटत नव्हतें, तेंच फार दुखत होतें बघ.”

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. आपल्या घरांतील वडील माणूस थोड्या दिवसांत बदललें, सकाळीं जखडलें आणि दुपारीं सुटूं लागलें, तर त्याच्या स्वभावाची चर्चा करण्यापूर्वीं त्याचें रक्त तपासून घ्यावें. आणि तें जें सांगतें त्यावर, तपासणीचा कागद हातीं येण्यापूर्वींच, विश्वास ठेवावा.